'वर्ष झालं, आता सीट फिरवा' म्हणणाऱ्यांसाठी

लहान मुलांच्या कार सीटविषयी एक मजकूर पालकांमध्ये सतत पुढे पाठवला जातो. शब्द थोडेफार बदलतात, आशय तोच. बाळ वर्षाचं झालं, मान धरून नीट बसू लागलं की त्याची सीट समोर तोंड करून लावावी. उलट, म्हणजे मुलाचं तोंड गाडीच्या मागच्या बाजूला येईल अशी, लावून ठेवली तर पाय दुमडून राहतात आणि अपघातात मोडतात. मागून कुणी धडकलं तर मूल चिरडतं. शिवाय ते दिसत नाही, रडतं, ओकतं. उलट बसवणं पाचपट सुरक्षित असल्याचं सांगणारं संशोधन मागे घेतलं गेलं आहे, बाकी सगळा सीट विकणाऱ्यांचा धंदा. आणि शेवटची ठरलेली ओळ म्हणजे, जवळच जायचं असेल तर आईच्या मांडीइतकी सुरक्षित जागा नाही.

यातली एक गोष्ट खरी आहे, संशोधनाची. ती खरी निघते म्हणूनच बाकीचंही खरं असेल असं लोकांना वाटतं. पण सुरुवात मानेपासून करायला हवी, कारण सगळा वाद मुळात तिथेच आहे.

'मान धरली म्हणजे मान पक्की झाली'

मूल काही महिन्यांत मान धरतं ते स्नायूंच्या बळावर, आणि तेही स्वतःच्या डोक्याचं वजन तोलण्यापुरतं. धडकेचा हिशोब निराळा. ताशी ५० किलोमीटरने चाललेली गाडी आदळून सेकंदाच्या दहाव्या भागात थांबली असं धरा. आतल्या प्रत्येकावर तेवढ्या वेळात गुरुत्वाकर्षणाच्या सरासरी १४ पट जोर येतो, मधले काही क्षण त्याहूनही जास्त. वर्षाच्या मुलाचं वजन १० किलोच्या आसपास आणि त्यातलं डोकंच जवळपास अडीच किलोचं, म्हणजे शरीराचा चौथा हिस्सा. मोठ्या माणसाचं डोकं शरीराच्या ६ टक्क्यांच्या आसपास असतं. समोर तोंड करून बसलेल्या मुलाचं धड हार्नेसच्या पट्ट्या धरून ठेवतात आणि सुटं राहतं ते डोकं. ते पुढे झेपावतं तेव्हा त्याला अडवायला मानेशिवाय काही नसतं. अडीचला १४ ने गुणा, ३५ किलोची ओढ होते. इतक्या कमी वेळात स्नायू आवळून प्रतिकार करणं मोठ्या माणसालाही जमत नाही, तिथे वर्षाच्या मुलाने मान धरली आहे की नाही याला काय अर्थ?

मग ही ओढ जाते मणक्यांवर आणि त्यांना बांधून ठेवणाऱ्या अस्थिबंधांवर. लहान मुलाचे मणके म्हणजे मोठ्यांच्या मणक्यांची छोटी आवृत्ती नव्हे. जन्माच्या वेळी मानेतला बहुतेक प्रत्येक मणका हाडाच्या तीन तुकड्यांचा असतो आणि तुकड्यांमध्ये कूर्चा असते. ते जुळून एकसंध हाड व्हायला साधारण तिसऱ्या ते सहाव्या वर्षापर्यंतचा काळ लागतो. सांध्यांचे पृष्ठभाग या वयात बरेच आडवे असतात, त्यामुळे मणके एकमेकांवरून सरकू शकतात, आणि अस्थिबंध सैल असतात. नवजात अर्भकांच्या शवांवर झालेल्या एका जुन्या आणि आजही सांगितल्या जाणाऱ्या निरीक्षणानुसार मणक्यांची माळ सुमारे दोन इंच ताणली तरी टिकते, आतला मज्जारज्जू मात्र पाव इंचाच्या ताणातच तुटतो. वर्ष-दोन वर्षांच्या मुलाला हे आकडे जसेच्या तसे लागू करू नयेत, पण इजा कशी होते ते त्यातून कळतं. हाड न मोडता मज्जारज्जू जाऊ शकतो. लहान मुलांच्या अपघातांत एक्स-रे निर्दोष आणि हातपाय मात्र हलत नाहीत, अशा केसेस डॉक्टरांना माहीत आहेत.

उलट बसवलेल्या मुलाच्या बाबतीत समोरून धडक बसली की ते स्वतःच्या पाठीच्या दिशेने, म्हणजे सीटच्या पाठीत दाबलं जातं. डोकं, मान आणि पाठ एकाच वेळी, एकाच पृष्ठभागावर थांबतात. जोर तेवढाच असतो, पण तो सगळ्या पाठीवर पसरतो आणि डोकं धडाला सोडून पुढे जात नाही. सगळं विज्ञान एवढंच आहे.

ही कल्पना कुणा सीट कंपनीच्या जाहिरात विभागात जन्मली नाही. १९६० च्या दशकात स्वीडनमधल्या चाल्मर्स तंत्रविद्यापीठाचे बर्टिल आल्डमन यांना ती सुचली, तीही अमेरिकेच्या जेमिनी यानातल्या अंतराळवीरांच्या आसनांवरून. उड्डाणाचा प्रचंड जोर अंतराळवीर पाठीवर घेतात. आल्डमन यांनी तेच मुलांसाठी केलं आणि १९६४ मध्ये व्होल्वोच्या गाडीत पहिल्या नमुन्याची चाचणी झाली. त्या देशात मुलं चार वर्षांची होईपर्यंत उलट बसवणं ही आज सर्वसाधारण रीत आहे. तिथल्या 'प्लस' चाचणीत मानेवरचा ताण थेट मोजला जातो आणि समोर तोंड असलेल्या सीटला त्या मर्यादेत बसता येत नाही.

मग 'एक वर्ष' आलं कुठून? अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीचा जुना सल्ला होता की किमान एक वर्ष आणि किमान ९ किलो होईपर्यंत मूल उलटच बसवावं. युरोपच्या कार सीटविषयीच्या जुन्या आर-४४ नियमातही ९ किलोची रेघ होती. दोन्हीकडे शब्द 'किमान' होता. लोकांनी किमान गाळला आणि वर्ष ठेवलं. अकादमीने २०११ मध्ये दोन वर्षांपर्यंत उलट बसवायला सांगितलं. युरोपात २०१३ पासून लागू झालेल्या आर-१२९ नियमाने १५ महिन्यांच्या आत समोर तोंड करून बसवायला सरळ मनाई केली, आणि तेही किमानच.

'ते संशोधन मागे घेतलं गेलं'

हो, गेलं. २००७ मध्ये 'इंज्युरी प्रिव्हेन्शन' या नियतकालिकात अमेरिकेतल्या अपघातांच्या नोंदींवर आधारलेला एक लेख आला होता. दोन वर्षांखालच्या मुलांसाठी उलट बसणं कितीतरी पटींनी सुरक्षित असल्याचा निष्कर्ष त्यात होता आणि 'पाचपट' हा आकडा तिथूनच पसरला. पुढे आकडेमोडीच्या पद्धतीवर शंका आल्या, तपासणीत चुका सापडल्या आणि २०१८ मध्ये तो लेख मागे घेतला गेला. अजूनही 'पाचपट' लिहिणाऱ्यांनी ते लिहिणं थांबवावं. त्यात सीटच्या बाजूने बोलणारेही आले.

फिरणारा मजकूर इथेच थांबतो. त्याच नोंदी नीट पद्धतीने पुन्हा तपासल्या गेल्या तेव्हा काय दिसलं, हे तो सांगत नाही. उलट बसलेल्या मुलांमध्ये गंभीर इजांचं प्रमाण कमीच निघालं, पण इजाच इतक्या थोड्या होत्या की तो फरक योगायोगाचा नाही असं संख्याशास्त्राच्या कसोटीवर ठामपणे म्हणता येईना. 'फरक सिद्ध करण्याइतक्या केसेस नाहीत' आणि 'फरक नाही' ही दोन वेगळी विधानं आहेत. केसेस थोड्या असण्याचं कारणही समजण्यासारखं आहे. कुठल्याही बाजूला तोंड असो, हार्नेसमध्ये नीट बांधलेलं मूल मोकळ्या मुलापेक्षा फार फार सुरक्षित असतं. समोर तोंड करून नीट बसवलेलं मूल म्हणजे मृत्यूच्या दारात ठेवलेलं मूल, असं काही पालक एकमेकांना सुनावतात. तोही अतिरेकच.

लेख मागे घेतल्यानंतर, त्याच २०१८ सालात, अकादमीने आपला सल्ला पुन्हा लिहिला. त्यातून दोन वर्षांची अट गेली. तिच्या जागी आलं ते असं: सीटच्या उत्पादकाने ठरवलेली वजनाची किंवा उंचीची कमाल मर्यादा गाठेपर्यंत, म्हणजे जितकं लांबवता येईल तितकं, मूल उलट बसवा. 'पाचपट'चा आधार गेल्यावरही सल्ला मागे न येता पुढे गेला, कारण तो त्या एका आकड्यावर उभाच नव्हता. मानेची रचना, धडक चाचण्यांतली मापं आणि स्वीडनचा कित्येक दशकांचा अनुभव यांना त्या लेखाची गरज कधीच नव्हती.

'पाय मोडतात'

दोन वर्षांच्या मुलाचे पाय गाडीच्या सीटच्या पाठीला टेकलेले पाहून मोठ्यांचेच गुडघे दुखू लागतात. मूल मात्र मांडी घालतं, पाय वर ठेवतं, बेडकासारखं फाकवून बसतं आणि मजेत असतं. अपघातांतल्या पायांच्या इजा प्रामुख्याने समोर तोंड करून बसलेल्या मुलांमध्ये आढळतात. त्यांचे पाय पुढे फेकले जाऊन समोरच्या सीटच्या पाठीवर आपटतात. आणि समजा, उलट बसण्यात पायाला थोडा धोका असता, तरी पायाचं हाड जुळतं. मज्जारज्जू जुळत नाही.

'मागून धडक बसली तर?'

हा प्रश्न रास्त आहे. मागून धडक बसली की उलट बसलेल्या मुलाची स्थिती बदलते आणि पाठीचा आधार तितका थेट मिळत नाही. पण मागून बसणाऱ्या धडकेत दोन्ही गाड्या बहुधा एकाच दिशेने जात असतात. ६० च्या वेगाची गाडी ४० च्या गाडीला मागून लागली तर हिशोब २० च्या फरकाचा. समोरासमोर तेच वेग एकमेकांवर येतात. जीवघेण्या अपघातांत समोरच्या धडकांचा वाटा मोठा असतो, तो यामुळेही. शिवाय उलटी सीट अशा धडकेत निरुपयोगी ठरत नाही. ओहायो स्टेट विद्यापीठाच्या संशोधकांनी नेमक्या याच शंकेवर चाचण्या करून २०१८ मध्ये निष्कर्ष मांडले. सीट आणि तिचे भाग हलून जोर शोषून घेतात आणि मुलाचं डोकं, मान, पाठ एका रेषेत ठेवायला मदत करतात, असं त्यांना आढळलं. म्हणजे मागून बसणाऱ्या, बहुधा कमी गंभीर धडकेत चांगलं आणि समोरून बसणाऱ्या, जास्त गंभीर धडकेत फारच चांगलं संरक्षण. यातून सीट फिरवण्याचं कारण कसं निघतं, ते मजकूर लिहिणाऱ्यालाच ठाऊक.

'दिसत नाही, रडतं, ओकतं'

मूल दिसत नाही ही अडचण खरी. गाडी चालवणाऱ्याने मागे वळून बघायचंच नसतं, ही त्याहून खरी. हलका, घट्ट बसवलेला आरसा चालतो. गाडी लागण्याचा त्रास प्रामुख्याने दोन वर्षांनंतर सुरू होतो, त्यामुळे वर्षाच्या मुलासाठी ओकारीचं कारण फारसं टिकत नाही. त्यापेक्षा मोठ्या मुलाला खरोखर गाडी लागत असेल तर डॉक्टरांशी बोलावं.

या मुद्द्यातला खरा धोका मजकुरात लिहिलेला नाही, तो त्यातून घडतो. मूल डोळ्यांसमोर हवं म्हणून उलटी सीट पुढे, चालकाच्या शेजारी ठेवली जाते. समोरची एअरबॅग चालू असेल तर असं कधीही करू नये, पाच मिनिटांच्या रस्त्यालाही नाही. उलट्या सीटची पाठ डॅशबोर्डला जवळपास टेकलेली असते, आणि एअरबॅग पापणी लवायच्या आत ताशी सुमारे ३०० किलोमीटरने उघडून थेट मुलाच्या डोक्यामागे आदळते. १९९० च्या दशकात अमेरिकेत एरवी किरकोळ ठरल्या असत्या अशा अपघातांत लहान मुलं अशीच गेली. समोरच्या काचेवरच्या सन व्हायजरवरचा पिवळा इशारा वाचायला फुरसत नसेल तर एवढं लक्षात ठेवा, उलटी सीट मागेच.

'आईची मांडी'

१० किलोचं मूल, १४ पट जोर: १४० किलो. ते अचानक, बेसावध असताना, दोन हातांनी धरून दाखवावं. ५० च्या वेगाने आदळणं म्हणजे जवळपास १० मीटर उंचीवरून पडण्याइतकं आहे. आई आणि मुलाला मिळून एकच पट्टा लावणं त्याहून वाईट, कारण मग आईचा सगळा भार मुलावर येतो.

आता सीट फिरवायची कधी? सीटसोबतच्या पुस्तिकेत उलट्या स्थितीसाठी वजन आणि उंची अशा दोन मर्यादा असतात. दोन्हींपैकी जी आधी गाठली जाईल ती. बहुतेक मुलांचं डोकं वजनाच्या आधी वरच्या कडेपर्यंत पोहोचतं. तोवर पट्टे मुलाच्या खांद्याच्या पातळीला किंवा जरा खालून निघायला हवेत, आणि खांद्यापाशी चिमटीत पट्ट्याची घडी धरता येऊ नये इतके घट्ट. जाड कोट घालून बांधू नये, कोट दबतो आणि पट्टा सैल पडतो. अगदी तान्ह्या बाळाची सीट पुस्तिकेत दिल्याइतकी कललेली असावी, नाहीतर डोकं छातीवर पडून श्वास अडतो. त्याच कारणासाठी प्रवास संपल्यावर बाळाला सीटमध्येच झोपलेलं ठेवू नये. आणि मर्यादा गाठल्यावर समोर तोंड करून बसवाल तेव्हा वरचा टेदर पट्टा, म्हणजे सीटचा वरचा भाग गाडीला बांधणारा पट्टा, लावायला विसरू नका. डोकं पुढे किती जातं ते त्याच्यावर बरंच अवलंबून असतं.