चीज-पास्ता बॉल ‘आतून शिजवायचे’ नसतातच

वाढदिवस असो, बारसं असो की हळदीची संध्याकाळ, जळगाव-धुळ्याकडे आता मिरचीच्या भज्यांशेजारी चीज-पास्ता बॉल, म्हणजे मॅकरोनी, चीज आणि मैदा-दुधाच्या पांढऱ्या सॉसचे चुऱ्यात घोळवून तळलेले गोळे, हमखास दिसतात. त्यांची एक कृती मोबाइलवर सारखी फिरत असते. तिचं सार असं: मॅकरोनी अगदी मऊ शिजवून गार पाण्याने धुवा, भरपूर मोझरेला घाला, मिश्रण सैल वाटलं तर कॉर्नफ्लोअर वाढवत राहा, टोस्टच्या चुऱ्यात घोळवा, मंद आचेवर आतून शिजेपर्यंत तळा, तेलात चिमूटभर मीठ टाका म्हणजे तेल कमी पितं, आणि हे सगळं सकाळीच उरकून पाहुणे आले की मायक्रोवेव्हमध्ये गरम करा. शेवटी ठाम आश्वासन, एकही बॉल फुटणार नाही.

फुटतात. आणि का फुटतात ते या कृतीतच लिहिलेलं आहे. एकेक मुद्दा घेऊ, पण मेसेजच्या क्रमाने नाही. ज्याने सगळ्यात जास्त माल वाया जातो तो आधी.

“मंद आचेवर, आतून शिजेपर्यंत तळा.”

आत शिजायचं राहिलंय काय? मॅकरोनी उकडलेली, मैदा लोण्यात भाजलेला, दूध आटवलेलं, चीज तर तसंच खाता येतं. मिरचीच्या भज्यात कच्चं बेसन असतं, कच्ची मिरची असते, म्हणून तिथे मध्यम आच बरोबर. ती सवय इथे आणली की घोटाळा होतो. इथे तेलाचं काम एवढंच की बाहेरचं कवच झटपट आवळायचं आणि तेवढ्या वेळात आतलं गरम करायचं.

मोझरेला साधारण ६० अंश सेल्सियसला सैल व्हायला लागतं. तेल १४०-१५० अंशांवर असेल तर कवच कडक व्हायला इतका वेळ लागतो की तोवर आतलं चीज पातळ होऊन वाट शोधतं. एक बारीक भेग पुरते. चीज तेलात उतरलं की ते फसफसतं, त्याचे काळे कण पुढच्या घाण्याला चिकटतात, आणि कवच पोकळ राहतं ते वेगळंच. शिवाय कमी तापलेल्या तेलात पदार्थातून वाफ जोरात बाहेर पडत नाही. ती वाफच तेलाला आत येऊ देत नसते. मंद आचेवर तळलेले बॉल तेलकट लागतात ते याच कारणाने.

तेल १७५ ते १८० अंश हवं. ३० ग्रॅमचा, फ्रिजमधून काढलेला बॉल त्यात अडीच ते तीन मिनिटांत होतो. थर्मामीटर नसेल तर पावाचा साधारण दोन सेंटिमीटरचा तुकडा टाकून पाहा. मिनिटभरात सोनेरी झाला तर तेल बरोबर आहे. वीस-पंचवीस सेकंदांतच करपायला लागला तर आच उतरवा, नाहीतर कवच काळं आणि आतला गोळा गार असा बॉल हाती येईल.

घाणा केवढा काढायचा हेही इथेच येतं. दोन लिटर तेलात एका वेळी सहा ते आठ बॉल, त्यापुढे नाही. पंधरा टाकले की तेलाचं तापमान धाडकन खाली येतं आणि मोठ्या आचेवरही तुम्ही प्रत्यक्षात मंद आचेवरच तळत असता. घाणा काढल्यावर मिनिटभर थांबा, चुरा झाऱ्याने गाळून घ्या, मग पुढचा सोडा. पहिलं मिनिट झारा लावू नका, कवच तेव्हा ओलंच असतं.

“मॅकरोनी अगदी मऊ शिजवा, मग गार पाण्याने धुवा.”

दोन्ही उलट करायचं. पाकिटावर जेवढी मिनिटं लिहिली असतील त्यापेक्षा दोन मिनिटं आधी गाळा. तिला अजून गरम सॉसमध्ये जायचं आहे आणि मग तेलात. पुरती शिजलेली मॅकरोनी सॉसचं पाणी ओढून लगदा होते आणि तेच पाणी कढईत वाफ बनून कवच फोडतं.

धुतल्याने वरचा स्टार्च निघून जातो. सॅलडला ते चालतं. इथे तोच स्टार्च सॉस धरून ठेवतो. शिवाय मॅकरोनी पोकळ असते, नळीत पाणी अडकतं. चाळणीत दोन-तीनदा झटकायची, मग मोठ्या ताटात किंवा परातीत पसरून पाच मिनिटं वाफ जाऊ द्यायची. चिकटू नये म्हणून एक चमचा तेल पुरे. बॉल गुळगुळीत वळले जावेत यासाठी गार झालेली मॅकरोनी सुरीने जाडसर चिरून घ्या. अख्ख्या नळ्यांची टोकं कवचातून वर येतात आणि बॉल नेमका तिथेच फुटतो.

सुट्या, स्वस्त मॅकरोनीत बऱ्याचदा नुसता मैदा असतो आणि ती दोन मिनिटं जास्त झाली की गिच्च होते. पाकिटावर डुरम गव्हाचा रवा लिहिलंय का बघा. आपल्याकडचा बन्सी गहू डुरम जातीतलाच, त्याच्या शेवया उकळत्या पाण्यात आकार सोडत नाहीत तोच गुण इथे हवा.

“मिश्रण सैल वाटलं तर कॉर्नफ्लोअर वाढवा.”

गार मिश्रणात कोरडं कॉर्नफ्लोअर घालून ते बांधलं जात नाही. स्टार्चला फुगायला पाणी आणि ६५-७० अंशांच्या वरची उष्णता दोन्ही लागतात. ती त्याला मिळते थेट कढईत, म्हणजे फार उशिरा. हाती येतो पिठूळ, चिकट गाभा.

मिश्रण सैल असण्याची कारणं दोनच, एक तर सॉस पातळ राहिला किंवा मिश्रण अजून कोमट आहे. सॉससाठी प्रमाण धरा: ३० ग्रॅम लोणी, ३५ ग्रॅम मैदा, २५० मिली दूध. मैदा लोण्यात दोन मिनिटं परता, रंग बदलू देऊ नका. दूध तीन हप्त्यांत घाला, फेटत राहा. सॉस भांड्याचा तळ सोडून गोळ्यासारखा फिरायला लागला की गॅस बंद. मग चीज (कोणतं आणि किती ते पुढे येईल), मग २०० ग्रॅम कोरड्या मॅकरोनीची उकडलेली मॅकरोनी, जी साधारण ४५० ग्रॅम भरते. मिरपूड, लसूण, दोन बारीक चिरलेल्या हिरव्या मिरच्या. मीठ चाखूनच, कारण चीज आणि लोणी दोन्ही खारट असतात. कांदा, सिमला मिरची, मका घालायचा असेल तर आधी कोरडा होईपर्यंत परतून घ्या. कच्च्या भाज्या पाणी सोडतात.

आता हे मिश्रण ताटात दोन सेंटिमीटर जाडीत पसरून, वर झाकण चिकटवून, फ्रिजमध्ये किमान तीन तास. रात्रभर ठेवलं तर उत्तम. तीन तासांनी हेच ‘सैल’ मिश्रण सुरीने वड्या पाडण्याइतकं घट्ट होतं. हाताला थोडं तेल लावून ३० ग्रॅमचे गोळे करा, या मापात तीसेक होतात. घोळवून झाल्यावर पुन्हा अर्धा तास फ्रीझरमध्ये. बाहेरून टणक, आत नुसता गारठलेला, अशा अवस्थेत तो तेलात जायला हवा. दगडासारखा गोठलेला बॉल असेल तर तेल १६५-१७० अंशांवर उतरवा आणि साडेचार-पाच मिनिटं द्या. तो आधी बाहेर काढून ‘वितळू’ मात्र देऊ नका, कवचावर पाणी धरतं आणि चुरा गळून पडतो.

कॉर्नफ्लोअरची खरी जागा बाहेर आहे. १०० ग्रॅम मैदा, ५० ग्रॅम कॉर्नफ्लोअर, चिमूटभर मीठ आणि साधारण २२० मिली पाणी. हे पीठ चमच्याच्या पाठीला चिकटून राहिलं पाहिजे. बॉल आधी कोरड्या मैद्यात, मग पिठात, मग ब्रेडच्या चुऱ्यात, पुन्हा पिठात, पुन्हा चुऱ्यात. दुसरा थर म्हणजे वेळखाऊ काम हे खरं, पण फुटण्यावर यासारखा स्वस्त उपाय दुसरा नाही. पिठात खायचा सोडा घालू नका. कवच जाळीदार होतं आणि तेल पितं.

“ब्रेडक्रम्स नसतील तर टोस्टचा चुरा चालतो.”

बेकरीतल्या गोड टोस्टमध्ये साखर असते. १८० अंशांवर ती दीड मिनिटात तपकिरी होते, बॉल आत गारच. मग माणूस घाबरून आच कमी करतो आणि पुन्हा पहिल्या मुद्द्यावर येतो. पावाच्या स्लाइस मंद ओव्हनमध्ये किंवा दोन दिवस जाळीखाली उन्हात कडक वाळवून मिक्सरमध्ये जाडसर फिरवा. मेमधल्या भुसावळच्या उन्हात एक दिवसही पुरतो.

याहून कुरकुरीत हवं असेल तर उन्हाळ्यात केलेल्या बारीक शेवया हाताने चुरून दुसऱ्या थराला लावा. न भाजलेल्याच घ्या. भाजलेल्या शेवया तेलात लवकर करपतात.

“मोझरेला जेवढं जास्त, तेवढं चांगलं.”

तार येते ती मोझरेलाने, हे बरोबर. पण ती तार कढईतून काढल्यावर पाचेक मिनिटंच. पार्टीत ताट फिरून शेवटच्या माणसापर्यंत जायला त्याहून जास्त वेळ लागतो, तोवर नुसत्या मोझरेलाचा गाभा रबरासारखा होतो. प्रोसेस्ड चीजमध्ये सायट्रेट किंवा फॉस्फेटचे क्षार असतात, त्यामुळे त्यातलं तूप वेगळं होत नाही आणि गार झालं तरी ते मऊ राहतं. म्हणून वरच्या मापाला १२० ग्रॅम प्रोसेस्ड चीज किसून सॉसमध्ये आणि ८० ग्रॅम मोझरेलाचे छोटे तुकडे मिश्रण गार झाल्यावर. पिझ्झाचं, कोरडं मोझरेला घ्या. पाण्यात तरंगत विकतात ते ताजं मोझरेला इथे कामाचं नाही, त्यात पाणी फार.

पिशवीवर ‘ॲनालॉग’ लिहिलं असेल तर घटक वाचा. दुधाच्या स्निग्धांशाऐवजी वनस्पती तेल असतं आणि पाहुण्यांना चीज म्हणून ते वाढणं बरं नाही. ‘चीज नसेल तर पनीर’ असंही काही जण सुचवतात. पनीर आंबट घालून फाडलेलं असतं, ते वितळत नाही. बॉल फुटणार नाही, पण तो चीज बॉलही होणार नाही.

“सकाळी तळून ठेवा, संध्याकाळी मायक्रोवेव्ह करा.”

इथे चवीपेक्षा पोटाचा प्रश्न मोठा आहे. लग्नसराई एप्रिल-मेची आणि खान्देशात तेव्हा पारा ४४-४५ वर. दूध, चीज आणि शिजलेला पास्ता अशा हवेत तासाभरापलीकडे बाहेर ठेवायचा नसतो. ५ ते ६० अंशांच्या मध्ये जंतू वाढतात. शिजलेल्या भात-पास्त्यात वाढणाऱ्या बॅसिलस सेरियस या जंतूचं उलटी घडवणारं विष तर पुन्हा गरम केल्यानेही जात नाही. दिवसभर ओट्यावर झाकून ठेवलेले बॉल संध्याकाळी कितीही कडक तळा, धोका तोच.

मायक्रोवेव्ह आतलं पाणी तापवतो, त्याची वाफ कवचात शिरते आणि कवच ओलं होतं. त्यात कुरकुरीतपणा परत येणं शक्य नाही.

आधी तयारी करायचीच असेल तर बॉल घोळवून कच्चेच फ्रीझरमध्ये ठेवा, महिनाभर चांगले राहतात. वीज जाण्याचा भरवसा नसलेल्या गावात बर्फाचा थर्माकोलचा डबा जवळ असू द्या. चाळीस पाहुण्यांना तीन-तीन म्हटले तरी १२० बॉल झाले, म्हणजे वरचं माप चौपट. एका कढईत आठाच्या हिशेबाने पंधरा घाणे, प्रत्येकी चार-पाच मिनिटं, म्हणजे तास-सव्वा तास. कढया दोन लावल्या तर तेवढंच काम पाऊण तासाच्या आत. ओटीजी (घरगुती विजेचा ओव्हन) असेल तर बॉल १८० अंशांच्या तेलात मिनिटभर तळून कवच धरवून घ्या, गार करून फ्रिजमध्ये ठेवा, आणि वाढायच्या आधी जाळीवर २०० अंशांत आठ-दहा मिनिटं.

“तेलात मीठ टाका, तेल कमी लागतं.”

मीठ तेलात विरघळत नाही, तळाशी बसतं. पदार्थावर त्याचा काही उपयोग नाही, उलट तेल लवकर खराब व्हायला मदत होते. बराचसा तेलकटपणा तर बॉल बाहेर काढल्यावर, तो गार होताना येतो. वाफ थांबते आणि पृष्ठभागावरचं तेल आत ओढलं जातं. म्हणून काढल्या काढल्या झारा दोनदा हलवून बॉल तारेच्या जाळीवर ठेवा.

तेल रिफाइंड घ्या, शेंगदाण्याचं किंवा सरकीचं. लाकडी घाण्यावर काढलेल्या तेलाची चव शेवभाजीला शोभते, पण ते आधीच धूर सोडायला लागतं आणि चीजवर त्याचा वास चढतो. वापरलेलं तेल गाळून ठेवा, गडद झालं किंवा नेहमीच्या आचेवरच धुरायला लागलं की टाकून द्या. विक्रीसाठी तळणाऱ्यांना एफएसएसएआयने, म्हणजे देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, १ जुलै २०१८ पासून तेलातल्या एकूण ध्रुवीय संयुगांना (तेल पुन्हा पुन्हा तापवल्याने त्यात तयार होणाऱ्या खराब घटकांना) २५ टक्क्यांची मर्यादा घातली आहे. घरगुती केटरिंगची ऑर्डर घेणाऱ्या बायांनाही ती लागू होते.

आणि तळलेले बॉल वर्तमानपत्रावर काढून स्टीलच्या डब्यात झाकण लावून पाठवू नका. कागदाची शाई तेलात उतरते. डबा तर हवाबंद वाफेची खोली, दहा मिनिटांत कवच मऊ पडतं. उघड्या ताटात, एकाच थरात, आणि चटणी बाजूच्या वाटीत.