खांबाचं बारसं

गॅलरीत खांबासारखा सरळसोट निवडुंग असला की येणारा प्रत्येक पाहुणा चहाचा कप खाली ठेवायच्या आत विचारतो, "हे काय हो?" "कॅक्टस" म्हटलं तर त्याचं समाधान होत नाही. "ते दिसतंय, पण नाव?" नर्सरीवाल्यानं विकताना "मेक्सिकन" एवढंच सांगितलेलं असतं. त्याच्या दुकानात काटे असलेलं सगळंच मेक्सिकन असतं.

माझं म्हणणं असं की आधी हा कॅक्टस आहे का, हेच बघावं. आपला त्रिधारी निवडुंग पिढ्यान्‌पिढ्या निवडुंग म्हणून कुंपणावर उभा आहे, पण तो कॅक्टस नाही. तो युफोर्बिया, म्हणजे एरंडाच्या गोतावळ्यातला. खरा कॅक्टस अमेरिकेतून आलेला फड्या निवडुंग. ओळख पटवायची तर काटा जिथून निघतो तिथे भिंगातून बघा. कॅक्टसचे काटे लोकरीच्या बारीक गादीतून निघतात; तिला अरिओल म्हणतात. युफोर्बियात गादी नसते आणि काटे बहुधा जोडीजोडीनं असतात. तरीही शंका उरली तर खोडाच्या खालच्या भागाला टाचणी टोचा. पांढरा चीक भळाभळा आला तर युफोर्बिया. टोचताना चष्मा लावा आणि नंतर हात साबणानं धुवा. हा चीक डोळ्यांत गेला तर झाडाचं नाव बाजूला राहतं आणि डोळ्यांच्या डॉक्टरचं शोधावं लागतं.

कॅक्टस ठरला की धारा मोजायच्या. खोडावर उभ्या गेलेल्या उंचवट्यांना धार म्हणतात. त्रिधारी हा शब्द त्यातूनच आला. काम दिसतं सोपं, पण खांब गोल असल्यानं कुठून सुरुवात केली हे पाचव्या धारेला विसरायला होतं, आणि पहिली मोजणी सात, दुसरी आठ, तिसरी परत सात येते. एका धारेला लाल दोरा बांधा आणि तिथून मोजा. मोजणी खोडाच्या मधल्या उंचीवर करा. बुंध्याशी धारा खडबडीत लाकडासारख्या होऊन बुजतात, शेंड्याशी नव्या धारा फुटत असतात. आणि खोड गाठीगाठींनी वेडंवाकडं वाढलेलं असेल, तर तो मॉन्स्ट्रोज प्रकार. तिथे मोजणी सोडून द्या, धारांनी स्वतःच सोडलेली असते.

त्यानंतर अरिओल. एका धारेवरच्या दोन गाद्यांमधलं अंतर पट्टीनं मिलिमीटरमध्ये मोजा. कडेचे काटे किती आणि मधले किती, हे वेगवेगळं लिहा. हाताला जाड रुमाल गुंडाळा आणि लांब चिमटा जवळ ठेवा. काटा बोटात मोडलाच तर चिकटपट्टी लावून ओढा. गाद्या एकमेकींना लागून धारेवर खडूनं रेघ मारल्यासारखी पांढरी रेषा दिसत असेल तर तो पॅकिसेरियस मार्जिनॅटस, मेक्सिकोत कुंपणाला लावतात तो. नर्सरीवाल्याचा नेम चुकून लागण्याची ही एक जागा. खोड निळसर, काटे सोनेरी आणि गादीवर केस असतील तर ब्राझीलचा पायलोसेरियस पॅकिक्लाडस असण्याची शक्यता मोठी. तो निळसर थर पावडरसारखा असतो आणि बोटानं पुसला जातो. नाव सांगण्याच्या उत्साहात पाहुणे नेमका तिथेच हात फिरवतात.

सिनेमातला, दोन्ही हात वर केलेला सॅग्वारो मात्र विसरा. तो अमेरिका-मेक्सिको सीमेवरच्या सोनोरा वाळवंटातला. पहिला हात फुटायला साधारण पन्नास ते पंचाहत्तर वर्षं घेतो आणि पहिल्या आठ-दहा वर्षांत जेमतेम बोटभर वाढतो. तुमचा खांब वर्षात फूटभर वाढला असेल तर तो सॅग्वारो नाही, एवढं पाहुण्याला बिनधास्त सांगा.

आणखी एक खोडी सांगतो. नर्सरीत हिरव्या देठावर लाल किंवा पिवळा चेंडू बसवलेला कॅक्टस मिळतो. चेंडूत हरितद्रव्य नसतं, म्हणून त्याला दुसऱ्या कॅक्टसच्या खुंटावर कलम करतात. चेंडू मरतो, खुंट खुशाल वाढत राहतो आणि तोच आपला "अनोळखी खांब" होतो. खोड तीनच धारांचं असेल तर तो बहुधा ड्रॅगन फ्रूटचा गोत्रज.

सावलीतल्या खांबाची लक्षणं तर अजिबात धरू नयेत. कमी उजेडात खोड बारीक, फिकट आणि काटे किडकिडीत होतात. मग फोटोवरून नाव सांगणारं ॲप मोठ्या आत्मविश्वासानं काहीही सांगतं. बऱ्याचदा ते "सेरियस पेरुव्हियानस" म्हणतं. सेरियस हे खांबासारख्या कॅक्टसांचं एक घराणं. या नावाचा पेरू देशाशी फारसा संबंध नाही. बागांमध्ये त्या नावानं जे मिळतं ते पुष्कळदा सेरियस हिल्डमानियानस निघतं, मूळचं दक्षिण ब्राझील, उरुग्वे, अर्जेंटिना भागातलं. पेरू नुसता वाटेत लागला असावा.

खरा निवाडा फूल करतं, आणि ते बहुधा रात्री उमलतं. आपल्याकडे त्याची सवय आहे म्हणा: घरचं "ब्रह्मकमळ" उमलणार म्हटलं की सगळी सोसायटी जमते. तेही कॅक्टसच, एपिफिलम. हिमालयातलं खरं ब्रह्मकमळ वेगळं. खांबाच्या फुलाच्या वेळी मात्र कोणी येत नाही, म्हणून बॅटरी, पट्टी आणि ब्लेड घेऊन एकट्यानंच जागायचं. फूल एका बाजूनं उभं चिरा आणि नळी बघा. बाहेरून गुळगुळीत, केस नसलेली, वर तुरळक खवले: सेरियस. दाट केसांनी झाकलेली: ट्रायकोसेरियस. नावाचा अर्थच केसाळ सेरियस. वनस्पतिशास्त्रज्ञांनी त्याला १९७४ मध्ये एकिनोप्सिस नावाच्या दुसऱ्या घराण्यात दिलं आणि २०१२ मध्ये परत माहेरी आणलं. एकाच गादीतून लहान फुलांचा घोस निघाला तर मिर्टिलोकॅक्टस. तोही खुंट म्हणून वापरतात. सकाळी आठपर्यंत सेरियसचं फूल मान टाकतं, म्हणून "उद्या बघू" म्हणू नका.

फूल आलंच नाही तर? कुंडीत, छपराखाली ते वर्षानुवर्षं येत नाही. मग पाटीवर फक्त "सेरियस, जात अनिश्चित" लिहा. पाहुण्याला "अनिश्चित" हे मधलं नाव वाटलं तर वाटू द्या. लिहा मात्र पेन्सिलीनं. मार्करची शाई उन्हात उडते, पेन्सिल टिकते, आणि शास्त्रज्ञांनी पुन्हा घर बदललं तर खोडताही येते.