प्रेमात पडा, पण छाटणीची तारीख बघून

येत्या १४ फेब्रुवारीला रीतसर प्रेम करायचं असेल, तर ते डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यातच जमवायला घ्या. मार्गशीर्षातला एखादा गुरुवार साधलात तर उत्तम, घरच्यांचं लक्ष तेव्हा पूजेच्या मांडणीकडे असतं. नेमक्या त्याच सुमारास मावळात, तळेगाव-पवनानगरकडच्या पॉलिहाऊसमध्ये, गुलाबाची छाटणी होते, फांद्या वाकवल्या जातात आणि साधारण दीड महिन्यात कळी तोडणीला येते. मावळचा शेतकरी संत व्हॅलेंटाइनना नवस बोलत बसत नाही, तो तारखा उलट्या मोजतो. जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात परदेशी जाणारा माल निघाला पाहिजे, मग देशातल्या बाजाराचा. थंडी जास्त पडली तर कळी फुगत नाही, आभाळ आलं तर डावणी नि भुरी हे बुरशीचे रोग. आणि तुमचं प्रेम म्हणे ‘आपोआप जुळलं’! पंचेचाळीस दिवसांचं नियोजन नसलेल्या माणसाने लाल गुलाब हातात धरूच नये.

फूलवाल्याला भावना सांगू नका, देठाची लांबी सांगा. साठ सेंटिमीटरचा देठ म्हणजे निर्यातीचा माल, तो दिलात की समोरच्याला तुमच्या पगाराबद्दल गैरसमज होतो आणि सुरुवातीला तो हवाच असतो. जातही विचारा. एरवी प्रेमात हे काम आत्या-मामा करतात, इथे तुम्हाला मोकळीक आहे. ‘टॉप सीक्रेट’ घेतलात तर घरी न कळण्याची सोय नावातच झाली. ‘ताजमहाल’ घेतलात तर पुढच्या खर्चाचा अंदाज आला. फुलाला वास नाही अशी तक्रार करू नका. स्टेटसला ठेवलेल्या फोटोत तसाही येत नाही.

सगळं एका दिवसात उरकायचा मोह मात्र टाळा. रोममधले व्हॅलेंटाइन एकाच दिवसाचे धनी होते, आणि १९६९ मध्ये कॅथलिक चर्चने आपल्या सर्वसाधारण कॅलेंडरमधून तोही काढून घेतला. आपण उदार मनाने त्यांना पूर्ण आठवडा दिला. ७ ला रोज डे, ८ ला प्रपोज डे, ९ ला चॉकलेट डे, १० ला टेडी डे. प्रॉमिस डे थेट ११ ला. म्हणजे ८ तारखेला विचारलंत नि ११ ला वचन दिलंत, तर मधले दोन दिवस तुम्ही जे काही बोललात ते बंधनकारक नाही. हा आठवडा ज्याने कुणी आखला, तो नक्की वकील असणार.

चॉकलेट हृदयाच्या आकाराच्या डब्यातलंच घ्या. ही युक्ती रिचर्ड कॅडबरी या इंग्रज व्यापाऱ्याने १८६० च्या दशकात काढली. रिकाम्या डब्यात प्रेमपत्रं जपायची, अशी तिकडची रीत. आपल्याकडे त्यात सुईदोरा आणि जास्तीची बटणं राहतात, म्हणजे आपलं प्रेम जास्त टिकाऊ.

टेडी किमान साडेचार फुटी हवा. तो संध्याकाळच्या विरार लोकलने न्या, चौथ्या सीटवर बसवा, लोकांचं प्रेम म्हणजे काय ते कळेल. तिच्या घरी ‘ऑफिसच्या लकी ड्रॉमध्ये लागला’ असं सांगायचं ठरलेलंच असेल. तिच्या आईला हे ऑफिस कधीपासून बघायचं आहे. असा लकी ड्रॉ दर वर्षी फेब्रुवारीतच निघतो आणि मुलीलाच लागतो, म्हणजे ते ऑफिस सरकारी तर नक्कीच नसणार.

१२ आणि १३ तारखेला, म्हणजे हग डे आणि किस डेला, विषय नाजूक होतो, म्हणून जागा सार्वजनिक निवडा. मुंबईकरांनी मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर दाटीवाटीने बसावं, शेजारच्या जोडप्याचं भांडण फुकटात ऐकायला मिळतं. पुणेकरांनी झेड ब्रिजवर दुचाकी स्टँडला लावावी, तोंड मुठेकडे, पाठ वाहतुकीकडे. मुठेचा वास आणि एकमेकांचा स्वभाव दोन्ही तासभर सोसलंत, तर पत्रिका बघायचं कारण नाही.

ज्यांना कुणीच नाही त्यांनी खचू नये. २०२३ मध्ये भारतीय पशुकल्याण मंडळाने १४ फेब्रुवारीला गाईला मिठी मारा असं अधिकृत आवाहन केलं होतं. चार दिवसांतच, १० तारखेला, ते मागेही घेतलं. गाईची संमती कुणी घेतली होती का, ते बाहेर आलं नाही. पण सरकारी पत्राने सुरू होऊन सरकारी पत्रानेच संपलेलं इतकं स्वच्छ प्रकरण माणसामाणसांत सापडणार नाही.

१४ ला रात्री हॉटेलात ‘कपल मेन्यू’ असतो. रोजचंच पनीर, फक्त बदामाच्या आकारात कापलेलं. आकाराचे पैसे वेगळे का, हे विचारू नका. बाहेर नंबर लावून उभं राहावं लागेल तेवढ्या वेळात एकमेकांशी बोलायची वेळ येऊ शकते, मोबाइल पुरेसा चार्ज करून निघा.

एक गोष्ट मात्र आपल्या दुकानदारांच्या कानावर जाऊ देऊ नका. जपानमध्ये या दिवशी बायका पुरुषांना चॉकलेट देतात, अगदी साहेबालाही, केवळ रीत म्हणून. त्याची परतफेड पुरुषांनी १४ मार्चला करायची. त्यासाठी तिथल्या मिठाई-उद्योगाने १९८० पासून ‘व्हाइट डे’ चालवला आहे. परतभेट तिप्पट किमतीची असावी, असाही तिकडे संकेत आहे. आपल्याकडे १४ मार्च म्हणजे ऐन मार्चअखेर. तेव्हा ही तिप्पट रक्कम आयकराच्या वजावटीत बसते का, ते सीएला आत्ताच विचारून ठेवा, आणि पावती जोडीदाराच्या नावाने फाडू नका.