व्हिडिओ नको, तास उलटा करा

आमच्या वहिनी सातारा जिल्ह्यात नववीला विज्ञान शिकवतात. मागे फोनवर वैतागून म्हणाल्या, "भावजी, फ्लिप्ड क्लासरूम करा म्हणून वरून सांगणं आलंय. मी ग्रुपवर व्हिडिओ टाकते, पण फोन बापाच्या खिशात, आणि बाप रात्री नऊला घरी येतो!" फ्लिप्ड क्लासरूम म्हणजे उलटा तास: धडा मुलांनी घरीच पाहून किंवा वाचून यायचा आणि वर्गातला वेळ प्रश्न आणि चर्चेत घालवायचा. यावरून शिक्षकांत दोन तट पडलेत. काहींना यातच उद्याची शाळा दिसते, बाकीच्यांना हे अमेरिकेचं फॅड वाटतं.

मी त्याच अमेरिकेत, मॅसॅच्युसेट्सच्या एका कम्युनिटी कॉलेजात फिजिक्स शिकवतो. हे फॅड नाही. पण फ्लिप म्हणजे व्हिडिओ, ही समजूत मात्र मला बोचते. 2007 मध्ये कोलोरॅडोतले रसायनशास्त्राचे दोन शिक्षक, बर्गमन आणि सॅम्स, गैरहजर मुलांसाठी तास रेकॉर्ड करू लागले, तिथून हे नाव गाजलं. त्याच्या कितीतरी आधी, 1990 च्या दशकात, हार्वर्डचे एरिक माझूर मुलांना घरून पुस्तक वाचून यायला सांगत आणि तास प्रश्नांवर घालवत.

माझ्या वर्गातला एक प्रश्न सांगतो. ट्रक आणि छोटी कार समोरासमोर धडकले, जास्त बल कोणावर? मुलं बोटांनी मत देतात. न्यूटनचा तिसरा नियम पाठ असूनही बहुतेकांचं उत्तर 'कारवर'. मी गप्प राहतो. शेजाऱ्याला पटवा, एवढंच म्हणतो. चार मिनिटं नुसता कलकलाट. कोणीतरी म्हणतं, "बल सारखंच, पण कार हलकी, म्हणून तिचं त्वरण जास्त," आणि दुसऱ्यांदा बोटं बदलतात. खरा फायदा या चार मिनिटांत आहे. 2014 साली विज्ञान, अभियांत्रिकी आणि गणिताच्या 225 अभ्यासांचा एकत्र आढावा निघाला. निव्वळ व्याख्यानाच्या वर्गात नापासांचं प्रमाण सुमारे 34 टक्के, मुलांना कामाला लावणाऱ्या वर्गात 22.

माझ्यासमोर चोवीस मुलं असतात, वहिनींसमोर चौसष्ट. शिवाय पोर्शन संपवायची टांगती तलवार. हा फरक मोठा आहे, आणि तो व्हिडिओने भरून निघत नाही. म्हणून म्हटलं, फोन सोडा, बालभारतीची दोनच पानं वाचून यायला सांगा. त्यांनी 'गतीचे नियम' धडा घेतला, ट्रकच्या जागी एसटी आणि कारच्या जागी स्कूटी आणली. मुलं इतकी हिरीरीने भांडली की शेजारच्या वर्गातून गोंगाटाची तक्रार गेली. मुख्याध्यापकांनी त्या तक्रारीसाठी वहिनींना बोलावू नये, एवढं मला मनापासून वाटतं.