नाताळचं गोड आदल्या दिवशी का करायचं: एका ताईंच्या प्रतिक्रियेला उत्तर

ताई, जय ख्रिस्त.

नाताळच्या जेवणासाठी आदल्या दिवशी करून ठेवायच्या गोड पदार्थांवर मी लिहिलं, त्यावर तुमची लांबलचक प्रतिक्रिया आली. त्यात तीन गोष्टी आहेत. नाताळ म्हणजे प्लम केक, त्याच्या जागी पुडिंग नि श्रीखंड वाढलं तर ते बारशाचं जेवण वाटेल, ही पहिली. सणाच्या दिवशी पाहुण्यांना कालचं शिळं वाढणं तुम्हाला पटत नाही, ही दुसरी. आणि तुम्ही मागच्या वर्षी रात्री ट्रायफल, म्हणजे केक, कस्टर्ड आणि फळांचे थर, करून ठेवलंत, सकाळी त्याला पाणी सुटलं, म्हणजे हे सगळं बोलण्यापुरतंच, ही तिसरी. शेवटी, घरी तीस माणसं आणि फ्रिज एकच, त्याचं काय, असंही विचारलंत. चार ओळींत उरकण्यासारखं नाही म्हणून सवडीने लिहायला बसले.

आधी ट्रायफल, कारण मेहनत वाया गेल्याचं दुःख खरं असतं. पाणी सुटलं ते फळांचं. चिरलेल्या फळाला साखर लागली की ती फळातलं पाणी बाहेर ओढते. संत्र्याच्या फोडी रात्रभर गोड कस्टर्डमध्ये बसल्या की भांड्याच्या तळाशी ओहोळ लागणारच. त्यात फळ आंबट असेल तर कॉर्नफ्लोअरने आलेला घट्टपणाही सैल पडतो. म्हणून रात्री फक्त केकचे तुकडे आणि कस्टर्ड एवढंच लावून ठेवायचं, फळं जेवायला बसताना वरून घालायची. डाळिंबाचे दाणेही तेव्हाच, नाहीतर पांढऱ्या कस्टर्डवर गुलाबी ओघळ येतात. अननस कच्चा अजिबात नको, दुधाच्या पदार्थात तो कडवट लागतो. साखरेच्या पाण्यात पाच-सात मिनिटं उकळून घेतला की काही होत नाही.

ट्रायफलमध्ये जेली घातली होती का ते तुम्ही लिहिलेलं नाही. घातली असेल तर जिलेटिनची की चायनाग्रासची, यावर बरंच अवलंबून आहे. आपल्याकडे सोलापुरात डिसेंबरात पहाटे शाल लागते, पण दुपारी बारा-एकला पारा तिशीच्या आसपास असतोच. जिलेटिनची जेली अंगाच्या उबेला वितळते. टेबलावर अर्धा तास राहिली की कडा खचू लागतात. चायनाग्रास मात्र एकदा जमलं की 80 अंशांच्या पुढे तापवल्याशिवाय पातळ होत नाही. सोलापूरच्या दुपारी ते वडीसारखं उभं राहतं. शिवाय ते समुद्री शेवाळापासून करतात, त्यामुळे शाकाहारी पाहुण्यालाही बिनधास्त वाढता येतं.

आता शिळ्याचं. ताई, ज्या प्लम केकसाठी तुम्ही भांडता आहात, त्याच्याइतका आधीपासून करून ठेवलेला पदार्थ दुसरा नाही. मनुका, काळे बेदाणे, संत्र्याची साल नोव्हेंबरातच भिजत पडते, कुणाकडे रममध्ये, कुणाकडे संत्र्याच्या रसात. केक भाजून झाल्यावरही आठवडाभर कागदात गुंडाळून ठेवतात, तेव्हा कुठे मसाला आणि फळं एकमेकांत मिसळतात. भट्टीतून काढल्या काढल्या कापला तर चुरा पडतो आणि लवंग तेवढी पुढे येते. आपल्या करंज्या, शंकरपाळ्या, चिवडा नाताळच्या आठ-दहा दिवस आधी डब्यात जातात, त्यांना कुणी शिळं म्हणत नाही. मग पुडिंगनेच काय घोडं मारलंय?

कॅरॅमल पुडिंग तर ताजं खाऊच नये असं माझं ठाम मत आहे. डब्यात साखर जाळून ओतली की ती तळाशी काचेसारखी कडक होते, गार होताना कडकड आवाजही येतो. त्यावर दूध-अंड्याचं मिश्रण ओतून वाफवलं आणि लगेच उलटं केलं, तर निम्मी साखर डब्यालाच चिकटून राहते आणि पुडिंगवर नुसता तपकिरी डाग दिसतो. तोच डबा रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा. जळकी साखर पुडिंगमधला ओलावा ओढत हळूहळू विरघळते आणि सकाळी सुरी फिरवून ताटलीत पालथा घातला की पाक चारी बाजूंनी वाहत येतो. हा पाक वेगळा करता येत नाही, तो त्या बारा तासांतच तयार होतो.

तुम्ही प्रमाण विचारलं नाही, तरी देते. अर्धा लिटर दूध, 4 अंडी, 100 ग्रॅम साखर, चिमूटभर जायफळ. अंडी फेटताना फेस आणायचा नाही, साखर विरघळेपर्यंतच हलवायची आणि मिश्रण गाळून घ्यायचं. डब्याला झाकण घट्ट लावा, वाफेचं पाणी आत पडलं तर वर खड्डे पडतात. कुकरची शिटी काढून ठेवा, गॅस अगदी मंद, अर्धा तास. आच मोठी झाली की अंडं आवळतं, पाणी सोडतं आणि आत जाळी पडते. इडलीला जाळी शोभते, पुडिंगला नाही.

बारशाच्या जेवणाचा तुमचा शेरा मात्र मला लागला. आपल्या चर्चच्या मंडळीतल्या घरांत नाताळला मटणाच्या रश्शाबरोबर ज्वारीची कडक भाकरी असते, शेंगाचटणी असते आणि तरीही तो नाताळच असतो. मग शेवटच्या वाटीत श्रीखंड आलं तर सणाचं काय कमी झालं? गोव्याकडे जाऊन बघा, तिथे नाताळला नारळाच्या दुधातलं दोदोल आणि थरांची बेबिंका असते. दोन्ही आधीच करून ठेवतात आणि दोन्ही त्या मातीतल्या वस्तूंची. आपल्या मातीत ज्वारी आहे, शेंगा आहेत, डाळिंब आहे. सोलापूरच्या डाळिंबाला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालंय आणि डिसेंबरात लक्ष्मी मंडईत ते ढिगाने असतं. बाहेरून आणलेल्या टिनमधल्या चेरीला मान आणि याला नाही, हे मला पटत नाही.

म्हणूनच त्या लेखात मी शेंगापोळी, म्हणजे शेंगदाणे-गुळाचं सारण भरलेली पोळी, आणि श्रीखंडाचं गोड सुचवलं होतं आणि त्यावर मी कायम आहे. चार खुसखुशीत शेंगापोळ्या हाताने चुरायच्या, दोन चमचे पातळ तूप चोळायचं आणि काचेच्या भांड्यात तळाला दाबून बसवायचं. वर अर्धा किलो चक्का आणि 250 ग्रॅम साखरेचं वेलची घातलेलं श्रीखंड पसरायचं. एरवीपेक्षा साखर कमी, कारण खाली गूळ आहेच. रात्रभर गार झालं की खालचा थर थोडा ओलावतो पण दाताखाली शेंगा लागतात आणि आंबट चक्क्याबरोबर गुळाची खरपूस चव येते. वाढताना वर डाळिंब. आपल्या घरच्या कुणालाही हे ओळखीचं वाटेल आणि तरी रोजचं वाटणार नाही.

केकशिवाय नाताळ नाही, असं सगळीकडे नसतंच. डेन्मार्कमध्ये 24 तारखेच्या रात्री जेवणानंतर तांदळाची गार खीर खातात. आदल्या दिवशी दुधात शिजवलेला मऊ भात, त्यात फेटलेली साय, बदामाचे तुकडे आणि वर गरम चेरीचा पाक. एक बदाम अख्खा ठेवतात, ज्याच्या वाटीत सापडेल त्याला बक्षीस. तो बदाम ओठांमागे लपवून बाकीच्यांना भांडंभर खीर संपवायला लावणं हा त्यांचा खेळ. ही खीर आपल्या आंबेमोहोरात सुंदर होते. चेरीऐवजी डाळिंबाचा रस थोडी साखर घालून निम्मा होईपर्यंत आटवायचा. फक्त आपल्याकडे खोक्यात मिळणारं साधं क्रीम फेटून फुलत नाही, त्यात स्निग्धांश साधारण 25 टक्केच असतो. ते गार करून तसंच मिसळा, किंवा घरची साय घ्या.

पण माझं खरं म्हणणं पदार्थांपेक्षा वेगळं आहे, ताई. 24 च्या रात्री नाताळची गाणी म्हणणारी कॅरल पार्टी दारात येते, त्यांना चहा-फराळ होतो, झोपायला एक वाजतो. 25 ला सकाळी चर्चमध्ये उपासना. तिथून आलं की पाहुणे सुरू. आपल्या शहरात नळाला रोज पाणी येत नाही. पाण्याची पाळी नेमकी त्या दिवशी आली तर हंडे-पिंप भरायचे तेही बाईनेच. अशा दिवशी तिने ओट्याशी उभं राहून ताजं गोडही करायचं, म्हणजे उपासनेत तिचं लक्ष कुकरच्या शिटीकडे आणि जेवताना तिचं ताट सगळ्यांत शेवटी. कित्येक घरांत मी बघते, प्रार्थना होऊन सगळे जेवायला बसतात आणि घरची बाई आतून 'तुम्ही सुरू करा' म्हणते. गोड आदल्या दिवशी झालं असेल तर ती निदान शेवटच्या वाटीला तरी सगळ्यांबरोबर बसते. पाहुण्यांचा मान ताज्या पदार्थात जेवढा आहे, तेवढाच तिच्या शेजारी बसण्यातही आहे.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न, तीस माणसं आणि एकच फ्रिज. सगळं फ्रिजमध्ये घालायची गरजच नाही. केक, दोदोल, करंज्या बाहेर राहतात. दूध-अंड्याचं तेवढं आत हवं, ते दोन तासांपेक्षा जास्त बाहेर नको आणि दोन दिवसांत संपवायचं. तीस माणसांना वरच्या प्रमाणाचे पाच डबे लागतील. पसरट चपटे डबे घ्या, ते एकावर एक रचता येतात आणि लवकर गार होतात. वाफवून झाले की परातीत गार पाण्यात उभे करा, कोमट झाले की मगच फ्रिजमध्ये. गरम डबे आत घातलेत तर शेजारचं दूधही तापेल. 24 ला दुपारपर्यंत फ्रिजमधल्या भाज्या बाहेर काढा, त्या एक रात्र थंडीत सहज टिकतात. पुढच्या आठवड्यात पुडिंगचा एकच डबा करून बघा आणि कसा झाला ते इथेच कळवा. तुमचा कुकर किती लिटरचा आहे तेही लिहा, म्हणजे एका वेळी किती डबे बसतील ते सांगते.