पाडायला निघालेली थिएटरे, लंडनहून पाहताना

मुंबईतल्या एकपडदा चित्रपटगृहांचा विषय निघाला की हल्ली एक युक्तिवाद हमखास ऐकू येतो: चालत नसलेली थिएटरे पाडावीत, त्या जागी नव्या बांधकामातही चित्रपटगृह ठेवण्याची अट शासनाने काढावी, आणि हळहळणाऱ्यांनी आपण वेळीच तिकिटे का काढली नाहीत ते सांगावे. माझ्या शाळेतल्या मित्रांचे यावर एकमत आहे. परदेशी राहणाऱ्याने आम्हांला शिकवू नये, असेही त्यांतल्या एकाने मला सुनावले.

हेच मित्र मल्टिप्लेक्सवाले मराठी चित्रपटाला चांगली वेळ देत नाहीत म्हणून संतापतात. दुपारी बारा ते रात्री नऊच्या दरम्यान मराठी चित्रपट दाखवण्याचे बंधन 2015 मध्ये शासनाला घालावे लागले. मराठी चित्रपट लावणाऱ्या लालबागच्या भारतमाता थिएटरला असे कोणी सांगावे लागले नव्हते. गिरणगावातला प्रेक्षक समोर होता आणि त्याला काय हवे ते बुकिंगच्या खिडकीवरच कळत होते. असे थिएटर पाडायचे आणि मग मराठीला पडदा मिळत नाही म्हणून निवेदने द्यायची, यात मला कसलाही व्यवहार दिसत नाही.

मी राहतो त्या लंडनच्या ईस्ट फिंचलीत फीनिक्स हे 1912 पासूनचे चित्रपटगृह आहे. ते विकले जाण्याच्या बेतात असताना 1985 मध्ये रहिवाशांनी न्यास स्थापून ते ताब्यात घेतले. मी त्याचा सभासद आहे आणि नूतनीकरणासाठी वर्गणीही देतो. इथली असंख्य थिएटरे बिंगो या आकड्यांच्या जुगाराचे अड्डे चालवणाऱ्यांकडे गेली, हे मला ठाऊक आहे. पण लंडनमधल्याच किलबर्नच्या गोमाँ स्टेट या जुन्या चित्रपटगृहात आज चर्चच्या प्रार्थना होत असल्या तरी 1937 ची ती वास्तू जागेवर उभी आहे. ज्या कोरोनेशनमध्ये 1913 साली ‘राजा हरिश्चंद्र’ आणि ज्या मॅजेस्टिकमध्ये 1931 साली ‘आलम आरा’ लागला, त्या आमच्या गिरगावातल्या दोन्ही इमारती नाहीशा झाल्या. एवढा वारसा लंडनच्या एखाद्या पेठेकडे असता, तर तिथे वीट हलवायलाही काउन्सिलने परवानगी दिली नसती.

तरीही फीनिक्समध्ये मी परका असतो, हे लपवण्यात अर्थ नाही. तिथे नायकाच्या प्रवेशाला कोणी शिट्टी मारत नाही, पुढच्या रांगेतला अनोळखी माणूस वळून माझ्याशी बोलत नाही, आणि पडद्यावरच्या विनोदावर मी बहुधा इतरांच्या मागोमाग हसतो. मुंबईतले आमचे घर गेल्यापासून तिथेही मी प्रत्येकाकडे पाहुणाच असतो. माझ्यासाठी वेगळी चादर काढली जाते, जेवायला आग्रह होतो. दादरच्या चित्रा थिएटरमध्ये मात्र तिकीट काढून स्टॉलमध्ये बसले की मी शेजारच्यासारखाच एक प्रेक्षक असे, आणि कधी आलास, कधी जाणार, हे मला तिथे कोणी विचारत नसे. 2019 मध्ये ते बंद झाले.

मालकाने तोटा सोसून थिएटर चालवावे, असे मी म्हणत नाही. कर, वीजबिल आणि रिकाम्या खुर्च्या यांचा हिशेब मलाही कळतो. पण नव्या बांधकामात चित्रपटगृह ठेवण्याची ती अट काढली की तो भूखंड कायमचा निवासी मनोऱ्यांकडे जाईल, आणि लालबाग-दादरच्या रहिवाशांना उद्या न्यास स्थापावासा वाटला तरी ताब्यात घ्यायला काही उरणार नाही. तसा न्यास स्थापन झाला, तर पहिली वर्गणी मी पाठवीन.