नाळेतलं रक्त साठवण्याआधी

भाचीच्या डोहाळजेवणाला चार दिवस होतात न होतात तोच तिच्या फोनवर तो निरोप आला. तुम्हीही वाचला असेल: ‘बाळाच्या नाळेतलं रक्त साठवा. त्याच्याच मूळपेशींनी ८० आजार बरे होतात, अख्ख्या घराला उपयोग होतो, बाळाला काही त्रास नाही. हा आयुष्यभराचा विमा आहे. दान कराल तर ठेवा गमवाल.’ तिने विचारलं, “मावशी, भरू का पैसे?” मी नको म्हटलं.

मूळपेशी म्हणजे ज्यांच्यापासून नव्या रक्तपेशी तयार होतात त्या पेशी. आजारांची यादी खरी असेलही, पण ‘त्याच्याच पेशींनी’ हे खोटं आहे. त्यातले बहुतेक आजार दुसऱ्याच्या पेशींनी बरे करतात. थॅलेसेमिया हा रक्ताचा आजार म्हणजे जनुकातला दोष, त्यामुळे साठवलेल्या पिशवीतही तो असणारच. तेच रक्त परत देऊन काय साधणार? रक्ताच्या कर्करोगात तर रोगाकडे नेणारा बदल कधीकधी जन्माआधीच झालेला असतो. शिवाय परक्या पेशी उरल्यासुरल्या कर्करोगपेशींवर तुटून पडतात, हे काम स्वतःच्या पेशी करत नाहीत. १९८८ साली पॅरिसमध्ये एलियान ग्लुकमन यांच्या चमूने जगातलं पहिलं नाळरक्त प्रत्यारोपण केलं. रुग्ण होता फॅन्कोनी अ‍ॅनिमिया हा दुर्मीळ आनुवंशिक रक्तविकार झालेला मुलगा, आणि रक्त त्याच्या नुकत्याच जन्मलेल्या बहिणीचं.

विम्याचं म्हणाल तर आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात, की भविष्यात स्वतःला उपयोगी पडेल म्हणून नाळरक्त साठवायला शास्त्रीय आधार नाही.

अख्ख्या घराला उपयोग? सख्ख्या भावंडाशीसुद्धा पेशी पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक. पिशवीत रक्त साधारण १०० मिली, मोठ्या माणसाला त्यातल्या पेशी बहुधा पुरत नाहीत. मात्र घरात आधीच थॅलेसेमियासारखा आजार असलेलं मूल असेल, तर पुढच्या बाळाचं नाळरक्त त्याच्यासाठी जरूर राखावं. तिथे मी अजिबात अडवणार नाही, रक्तविकारतज्ज्ञांशी प्रसूतीच्या पुष्कळ आधी बोला.

त्रास नाही, हेही अर्धंच. डब्ल्यूएचओ सांगते, नाळ एक मिनिटाच्या आत बांधू नका. त्या वेळात बाळाकडे जाणारं रक्त त्याला पुढचे काही महिने लोह पुरवतं. पिशवी भरायच्या घाईत ते मिनिट जाऊ नये.

राहिला दानाचा मुद्दा, आणि मला खरा राग याच वाक्याचा येतो. सार्वजनिक पेढीत, म्हणजे दान केलेलं नाळरक्त साठवणाऱ्या बँकेत, आईकडून पैसे घेत नाहीत. तिची संमती घेतात, एचआयव्ही, कावीळ वगैरे तपासतात, पुरेशा पेशी असलेल्या पिशव्याच द्रव नायट्रोजनमध्ये ठेवतात आणि गरज असलेल्या कुणालाही शोधता येतील अशा नोंदवतात. न्यूयॉर्क ब्लड सेंटरने १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला हेच केलं. अस्थिमज्जेइतकी (हाडातल्या मगजाइतकी) काटेकोर जुळणी नाळरक्ताला लागत नाही. जुळणीसाठी तपासतात त्या पेशींवरच्या सहापैकी चार खुणा जुळल्या तरी ते वापरता येतं. जगभरच्या नोंदींत भारतीय दाते कमी असल्याने आपल्या रुग्णाला हे फार मोलाचं आहे.

अडचण पैशांची आहे. बऱ्याच पिशव्या निकषात बसत नाहीत, ठेवलेल्यांतल्याही थोड्याच वापरल्या जातात, आणि टाक्या तर वर्षानुवर्षं चालू ठेवाव्या लागतात. हा खर्च शासनानेच उचलायला हवा. सुरुवात मोठ्या सरकारी रुग्णालयांच्या प्रसूतिकक्षांतून करावी, कारण तिथे रोज कितीतरी बाळंतपणं होतात आणि सगळ्या जातीजमातींच्या बायका येतात.